बारा वाजता कोण झोपतं?

कातळवाडीत सगळ्यांना झोप येत होती आणि धड कुणालाच मिळत नव्हती. नवल असं की जेवणघराच्या भिंतीवरचा दिवा रोज हिरवाच. हिरवा दिवा म्हणजे वस्तीची झोप नॉर्मल. माणसं त्याच दिव्याखाली बसून जांभया द्यायची, वाटीत मान घालून पेंगायची, आणि दिवा आपला हिरवा. हे कोडं सोडवायचं कुणी? कोडं सोडवायला डोकं जागं लागतं, आणि तिथं जागं डोकं नव्हतं.

कातळवाडी म्हणजे चंद्राच्या दक्षिण टोकाला, खडकाच्या पोटात खोदलेली वस्ती. तिथं सूर्य उगवत नाही की मावळत नाही, क्षितिजाला चिकटून नुसता गोल गोल फिरतो. तोही वर. खाली वस्तीत दिवस म्हणजे छतातले दिवे लागले, आणि रात्र म्हणजे ते विझले.

वस्तीत माणसं दोन तऱ्हेची. एक मळेवाले. ते जुन्नर-नारायणगावाकडून आलेले, काचेच्या मळ्यात टोमॅटो, मेथी, बटाटा पिकवायचे. दुसरे मागवाले. ते इचलकरंजीचे. चंद्रावरचा काळा खडक वितळवून त्याचा धागा ओढायचे आणि त्या धाग्याचं जाड कापड मागावर विणायचे. विजेचं गणित असं होतं की मळ्याचे दिवे आणि माग एका वेळी चालायचे नाहीत. म्हणून मळे पहाटे चारला सुरू व्हायचे आणि संध्याकाळी थांबायचे. मळे थांबले की माग सुरू. मागवाले काम आटपून पहाटेच हात धुवायचे. त्यामुळे मळेवाल्याला आठ वाजता झोप यायची आणि मागवाल्याला चारला.

झोपायला मात्र सगळ्यांना मिळून एकच लांबलचक दालन, एकच छत, आणि छतातल्या दिव्यांना एकच खटका. मग भांडण झालं. मळेवाले म्हणाले आठला अंधार करा, मागवाले म्हणाले चारला करा. कातळवाडीची एक रीत होती. काहीही वाटायचं झालं की समसमान अर्धं करायचं. गूळ आला की अर्धा, साबण आला की अर्धा, सणाला आलेली पुरणपोळीसुद्धा मधोमध कापलेली. त्या रीतीवर वस्ती भांडल्याशिवाय उभी राहिली होती. तर रीतीप्रमाणे त्यांनी रात्रही मधोमध कापली. आठ आणि चारच्या मध्ये बारा. दिवे बाराला विझणार, सकाळी आठला लागणार. दोघांचं समाधान, म्हणून टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. तेव्हा माणसांत टाळ्या वाजवण्याइतकी ताकद होती.

शेवंता हावळ, सगळे तिला शेवू म्हणायचे, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई मागावर, आणि आजोबा, इराप्पा हावळ, त्यांना सगळी वस्ती आप्पा म्हणायची. आप्पांनी उभी हयात रातपाळी केलेली, आधी इचलकरंजीत, मग इथं. आता हात कापायचे म्हणून माग सुटला, पण झोप काही आपली वेळ सोडेना. पहाटे पाच वाजले की आप्पांचे डोळे मिटणार, आणि आठ वाजता टक्क उजेड की पुन्हा उघडणार. मग दिवसभर माणूस कुठंही पेंगायचा. एकदा भाकरीचा तुकडा हातात धरून झोपले. तुकडा चंद्रावरच्या हलक्या वजनानं सावकाश, पीस पडावं तसा खाली आला, आणि शेवूनं तो झेलून आमटीत बुडवून खाल्ला. आप्पा जागे झाल्यावर म्हणाले, "कुठं गेली गं माझी भाकरी?" ती म्हणाली, "तुम्ही खाल्लीत की." आप्पांना ते खरं वाटलं. इतकी दमलेली माणसं.

हसण्यासारखं होतं तोवर ठीक होतं. मग एका सकाळी आप्पांच्या मनगटावरचा तब्येतीचा पट्टा हिरव्याचा पिवळा झाला.

पट्टा पिवळा म्हणजे काय ते पोरासोरांनाही ठाऊक होतं. माणूस नॉर्मल नाही. त्याला पुढच्या जहाजानं पृथ्वीवर धाडायचं. आणि आप्पांसाठी पृथ्वी म्हणजे गंमत नव्हती. चंद्रावर वजन सहावा हिस्सा. इतकी वर्षं त्या हलक्या वजनात राहून आप्पांच्या पायांतला जोर गेला होता. तरण्या माणसाचा व्यायामानं परत येतो, त्यांच्या वयात येत नाही. तिकडं उतरले की अंगावर सहापट ओझं, आणि मग खाट. ती खाट सुटायची नाही, हे कुणी शेवूला सांगितलं नव्हतं, पण आईनं पट्टा बघून तोंड फिरवलं त्यावरून तिला कळलं.

आप्पा म्हणाले, "जाऊ दे गं. तिकडं निदान अंधार तरी हाय."

ते ऐकून शेवू तडक कंपाउंडरकडे गेली.

कंपाउंडर म्हणजे दवाखान्यातलं यंत्र. खरं नाव काहीतरी लांबलचक आकड्यांचं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. उंचीला शेवूपेक्षा थोडा जास्त, एक चाक करकरणारं, आणि सगळी वस्ती दिवसभर झोपेच्या गोळ्या मागायला येऊन त्याची बॅटरी दुपारीच उतरलेली. सगळ्यांच्या पट्ट्यांचा रंग तोच ठरवायचा. तो लहानथोर सगळ्यांना अहोजाहो करायचा.

"या शेवंताबाई," तो म्हणाला. "गोळ्या संपल्या आहेत."

"गोळी नको. आप्पांचा पट्टा पिवळा का केलास?"

कंपाउंडरनं शांतपणे सांगितलं की वस्तीची नॉर्मल झोपेची वेळ रात्री बारा आहे. आप्पा झोपतात पाचला. फरक फार आहे. कामावरच्या माणसांना पाळीची सूट असते, आप्पांना पाळी नाही, म्हणजे सूट नाही. सबब आप्पा नॉर्मल नाहीत.

शेवू त्याच्यासमोरच्या बाकावर बसली. तिचेही डोळे चुरचुरत होते. ती म्हणाली, "बरं. बाराला कोण झोपतं?"

"म्हणजे?"

"नाव सांग एखादं. बारा वाजता झोप येणारं माणूस."

कंपाउंडरनं वस्तीची यादी चाळायला घेतली. त्याच्या छातीतला बारका पंखा तेवढा फिरत राहिला. मग तो म्हणाला की असा प्रश्न त्याला अजून कुणी विचारला नव्हता, आणि मराठीतून विचार करताना तो जरा घसरतो. नॉर्मल म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, माणसं मान डोलावतात आणि जातात.

"मग तू आतल्या आत कशातून विचार करतोस?"

"लोज्बानमधून."

लोज्बान (तर्काला धरून, माणसांनी मुद्दाम घडवलेली भाषा) ही कुठल्या गावची बोली नव्हे. काही माणसांनी बसून ती रचली, वाक्याचा अर्थ एकच निघावा, दोन निघू नयेत म्हणून. कंपाउंडरला घडवणाऱ्यांना ती सोयीची वाटली, म्हणून त्यांनी ती त्याच्या पोटात घातली.

"त्या भाषेत प्रत्येक शब्दाबरोबर खुर्च्या येतात," कंपाउंडर म्हणाला. "समजा दिलं असा शब्द आहे. त्याच्या तीन खुर्च्या. कुणी दिलं, काय दिलं, कुणाला दिलं. खुर्ची रिकामी ठेवता येते. पण खुर्ची तिथं आहे, हे मात्र विसरता येत नाही."

"मग बाराचं सांग त्या भाषेत."

त्यानं सांगायला घेतलं. तिथला शब्द होता श्नानो. तो माणसासाठी नसतो, मापासाठी असतो, आकड्यासाठी. पहिल्या खुर्चीवर आकडा बसतो, बारा. दुसरीवर, कशातला आकडा, तर झोपायच्या वेळेतला. तिसरीवर, कुणाकुणामधला, तर सगळ्या कातळवाडीमधला. चौथीवर, कुठल्या पद्धतीनं काढलेला, तर सरासरीनं. सरासरी (सगळ्यांचे आकडे एकत्र मिळवायचे आणि जितकी माणसं तितक्यांनी भागायचं). मळेवाले झोपतात आठला. मागवाले त्यांच्यानंतर आठ तासांनी. दोन्हीकडं माणसं सारखी. तेव्हा सरासरी आली आठनंतर चार तासांनी, म्हणजे बाराला.

"हिशेब बरोबर आहे," कंपाउंडर म्हणाला. "बारा हा आकडा श्नानो आहे. दिवे बाराला विझतात, सरासरीही बारा, म्हणून जेवणघरातला दिवा हिरवा."

"आणि आप्पा?"

"आप्पा आकडा नाहीत. ते माणूस आहेत. माणसासाठी दुसरा शब्द आहे, फादनी. म्हणजे चारचौघांसारखा. त्याच्या खुर्च्या तीन. कोण, कशात, आणि कुणामध्ये." इथं तो अडखळला. त्याचं करकरणारं चाक उगाचच थोडं मागंपुढं झालं. "शेवंताबाई, ही तिसरी खुर्ची मी रिकामी ठेवली होती."

"कुणामध्ये?"

"हो. मी आकडा घेतला आणि त्या आकड्याजवळ जो नाही तो चारचौघांसारखा नाही, असं धरून चाललो. पण चौघे कोण, ते पाहिलंच नाही."

शेवूला वाटलं, झालं, आता पट्टा हिरवा होणार. पण कंपाउंडरनं सांगितलं की पट्ट्याचा नियम वस्तीच्या बैठकीनं केलाय, तो वस्तीच्या प्रमुख दमयंती शिरोळेच बदलू शकतात. आणि दमयंतीबाईंना तो हे समजवायला तीनदा गेला तरी त्या वाक्य संपायच्या आत झोपतील. हे मात्र खरं होतं. बाई स्वतः मळेवाल्या, आठला झोप येणाऱ्या, आणि बाराचा नियम त्यांनीच सुचवलेला, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी तो पाळायच्या. बारापर्यंत खुर्चीत ताठ बसून राहायच्या.

"मग सांगायला नको," शेवू म्हणाली. "दाखवू या."

कातळवाडीत येताना प्रत्येकाला घरचं एकच भांडं आणायची परवानगी होती, आणि झाडून सगळ्यांनी पेलाच आणला होता, तळाशी नाव कोरलेला. त्यामुळे जेवणघरात पेल्यांची अदलाबदल कधी व्हायची नाही. संध्याकाळच्या चहाला मळेवाले कामावरून येतात आणि मागवाले कामावर निघतात, तेवढ्यापुरती सगळी वस्ती एका टेबलाशी असते. त्या दिवशी शेवूनं त्या लांब टेबलाच्या कडेनं खडूनं घड्याळाचे आकडे लिहून ठेवले. संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत, सरळ रेषेत. चहा पिऊन झाला की तिनं प्रत्येकाला सांगितलं, तुम्हाला कुणी त्रास दिला नाही, उजेड नाही, घंटा नाही, तर तुम्हाला आपोआप झोप कधी लागेल, तिथं तुमचा पेला पालथा घाला.

कुरकुर झाली. एक मळेवाला म्हणाला की मला इथंच लागेल, माझ्यावरच पेला पालथा घाल. पण पोरीचं मन मोडण्यापेक्षा पेला ठेवणं सोपं होतं, म्हणून ठेवत गेले. पालथ्या पेल्यांवरची नावं वर आली. टेबलाच्या एका बाजूला, आठच्या आसपास, मळेवाल्यांची गर्दी. दुसऱ्या बाजूला, चारच्या आसपास, मागवाल्यांची. आप्पांनी आपला पेला पाचवर ठेवला, मागवाल्यांच्या गर्दीच्या कडेला.

टेबलाचा मधला भाग मोकळा होता. इतका मोकळा की तिथं भाकरी थापता आली असती.

कंपाउंडर करकरत आला. त्याच्याकडे औषध द्यायचा प्लास्टिकचा बारका पेला असतो, नाव नसलेला. तो त्यानं बरोबर बाराच्या आकड्यावर ठेवला.

"ही सरासरी," तो म्हणाला. "हिशेब बरोबर आहे. फक्त इथं कुणी राहत नाही."

दमयंतीबाई आपल्या पेल्याकडं बघत होत्या. मग मधल्या त्या नाव नसलेल्या पेल्याकडं बघत राहिल्या. 

कंपाउंडरनं मग सावकाश समजावलं. दिवे बाराला विझतात. मळेवाला आठला आडवा होतो पण उजेडात तळमळतो, बाराला त्याला झोप लागते, चारला मळा त्याला उठवतो. झोप चार तास. मागवाला चारला येतो, अंधारात झोपतो, आठला दिवे लागतात. झोप चार तास. आपण रात्र अर्धी अर्धी वाटली, म्हणून प्रत्येकाला अर्धीच मिळाली.

"गूळ अर्धा केला तरी गोड लागतो," दमयंतीबाई हळूच म्हणाल्या. "झोप तशी नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "आणि मी रोज त्या हिरव्या दिव्याकडं बघून म्हणत होते, दोष माझ्यातच आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सगुणाबाई आल्या. त्या सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या, मळेवाल्यांचाही आणि मागवाल्यांचाही. त्यांनी एक पेला दुपारी दोनवर ठेवला, आणि एक वाटी रात्री अकरावर. म्हणाल्या, "मी दोन तुकड्यांत झोपते. आधी हे, मग ते. लहानपणापासून."

सगळे त्यांच्या मनगटाकडं बघायला लागले. स्वयंपाकवाल्यांना पाळीची सूट होती, म्हणून पट्टा हिरवा होता. पण टेबलावर बघावं तर त्यांच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, आठवाल्यांत नाही की चारवाल्यांत नाही. मग एकानं विचारलं की या बाई तर कुणातच बसत नाहीत, म्हणजे यांना काही झालंय की काय.

सगुणाबाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? सगळ्या वस्तीत मीच तेवढी जागी आहे."

कंपाउंडरनं त्यांची नाडी पाहिली, डोळे पाहिले. मग म्हणाला की इथं तिसरा शब्द लागतो, कानरो. म्हणजे निरोगी, धडधाकट. त्याच्या खुर्च्या दोनच. कोण, आणि कुठल्या कसोटीवर. चारचौघं कोण हे त्यात विचारलेलंच नाही. सगुणाबाई फादनी नाहीत, त्यांच्यासारखं इथं दुसरं कुणी नाही. पण त्या कानरो आहेत. आणि बाकी सगळी वस्ती, दोन्ही बाजूंची, आपापल्या गटात अगदी चारचौघांसारखी, आणि त्यांतलं एकही माणूस धड नाही.

"तीन वेगळ्या गोष्टी," शेवू म्हणाली. "आणि आपण तिन्हींना नॉर्मल म्हणायचो."

"मी म्हणायचो," कंपाउंडर म्हणाला. "तुम्ही माझं ऐकायचात."

आप्पा इतका वेळ डोळे मिटून बसले होते. सगळ्यांना वाटलं झोपले. ते म्हणाले, "आता माझं काय ते सांगा. जहाज यायलंय."

दमयंतीबाईंनी कंपाउंडरला विचारलं. त्यानं सांगितलं की आप्पा मागवाल्यांमध्ये जवळजवळ चारचौघांसारखेच आहेत, तेव्हा बारापासून लांब म्हणून दिलेला पिवळा पट्टा चुकीचा. पण आप्पा आज धडधाकटही नाहीत. झोप नसल्यानं त्यांचं रक्तदाबाचं माप वाईट आहे, आणि तो खोटं सांगू शकत नाही. जहाज यायच्या आत सलग झोप मिळून माप खाली आलं, तर पट्टा हिरवा होईल. नाही आलं तर पिवळा राहील, आणि या वेळी तो बरोबर असेल.

म्हणजे अंधार पाहिजे होता, आणि तोही दोन. एक आठचा, एक चारचा.

छतातल्या दिव्यांना एकाच्या जागी दोन खटके बसवणं सोपं होतं. पण एका बाजूला दिवे लागले की उजेड सगळ्या दालनात सांडायचा. तेव्हा आप्पांनीच विचारलं की अरे, आपण इथं काय विणतो? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. दगडाच्या धाग्याचं, काळंकुट्ट, जाड कापड. रोज गठ्ठेच्या गठ्ठे बाहेरच्या यंत्रांवर पांघरायला जायचं. दालनाच्या मधोमध टांगावं हे इतक्या दिवसांत कुणाला सुचलं नव्हतं. दोष आपल्यातच आहे असं वाटत असलं की माणूस भिंतीकडं बघत नाही.

विणायला वेळ लागला. दालन उंच, कापड छतापासून जमिनीपर्यंत एकसंध पाहिजे, आणि मागवाले उभ्या उभ्या पेंगणारे. धागा तुटायचा, पुन्हा जोडायचा. आप्पा मागाशेजारी स्टुलावर बसायचे, तुटल्याचा आवाज आला की डोळे न उघडता बोट दाखवायचे, आणि बोट बरोबर तिथंच असायचं. शेवू गाठ मारायला शिकली. मळेवाले कामावरून येऊन कापडाच्या घड्या उचलायचे. टांगायच्या वेळी शिडी पुरेना, तेव्हा मळेवाल्यांनी चंद्रावरच्या हलक्या वजनाचा फायदा घेऊन उड्या मारल्या आणि वरच्या कड्या पकडल्या. दमलेली माणसं सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती, आणि कुणाला हसायचीही ताकद नव्हती, तरी एकजण हसला.

पडदा लागला त्या दिवशी आठ वाजता एका बाजूला अंधार झाला. दमयंतीबाई ताठ बसून राहिल्या नाहीत. पहाटे चारला दुसऱ्या बाजूला अंधार झाला, आणि आठ वाजले तरी तो तसाच राहिला. पहिल्या दिवशी आप्पांना झोप लागली नाही. म्हणाले, सवय मोडलीय. दुसऱ्या दिवशीही कूस बदलत राहिले. शेवूनं पट्टा बघितला, पिवळा. त्यानंतर तिनं तो बघायचंच सोडून दिलं.

जहाज सकाळी आलं. जहाजावरचा माणूस, निळ्या गणवेशातला, हातात आप्पांसाठी रिकामी चाकाची खुर्ची घेऊन दालनाच्या दाराशी आला. शेवू पडद्यापाशी उभी होती. त्यानं विचारलं, पिवळा पट्टा कोण?

शेवूनं ओठांवर बोट ठेवलं.

आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला जोरकस, मागाच्या ठोक्यासारखा, एका लयीत. कंपाउंडर आप्पांच्या खाटेशी होता. आपलं करकरणारं चाक वाजू नये म्हणून तो पहाटेपासून जागचा हलला नव्हता. त्यानं आप्पांचा हात अलगद उचलून पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेषेत धरला. पट्टा हिरवा होता.

"खुर्ची परत न्यावी लागेल," कंपाउंडर अगदी हळू म्हणाला. "रिकामी."

माणूस गेला. जहाज गेलं. आप्पा दुपारपर्यंत घोरत राहिले आणि उठल्यावर पहिलं काय विचारलं, तर भाकरी.

त्यानंतर जेवणघराच्या भिंतीवरून हिरवा दिवा काढून टाकला. कंपाउंडरला आता कुणी विचारलं की मी नॉर्मल आहे का, तर तो उत्तर देत नाही. आधी विचारतो, कशात? आणि कुणामध्ये? माणसं वैतागतात, पण सांगता सांगता त्यांना निम्मं उत्तर आपोआप मिळतं, आणि गोळ्या मागायला येणारी रांग पुष्कळ कमी झालीय. त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते.

शेवू हल्ली रिकाम्या वेळी वस्तीत फिरते आणि आपण आणखी काय काय अर्धं करून ठेवलंय ते बघते. परवा तिला न्हाणीघर दिसलं. एकाला कढत पाणी लागतं, एकाला गार, आणि नळाला येतं ते कोमट. कुणाला आवडतं हे पाणी, तिनं कंपाउंडरला विचारलं.

"बघायला लागेल," तो म्हणाला, आणि दोघं पेले गोळा करायला निघाले.